एकोणीस तासांची दुरुस्ती

सोमवारी दुपारी तिने आकडे तपासणाऱ्या प्रोग्रॅमला कुलूप लावलं. त्यानंतर त्यातला स्वल्पविरामही बदलायचा नाही, असा नियम होता.

सहा वर्षांचं काम होतं. जड अणुकेंद्रकं वेगाने एकमेकांना घासून जातात, तेव्हा मोजताही येणार नाही इतक्या अल्पकाळ प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्राच्या दिशेने धन आणि ऋण कण दोन बाजूंना सरकतात का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी केंद्रकांच्या दोन जाती घेतल्या होत्या. वजन सारखंच, पण एकीत चार प्रोटॉन जास्त, म्हणून क्षेत्रही जास्त. आशेपोटी आकडे वाकू नयेत म्हणून कुठली नोंद कुठल्या जातीची, त्याची यादी तिच्यापासून लपवलेली. ती यादी शुक्रवारी उघडणार होती. तिचा करार सहा आठवड्यांनी संपत होता आणि कायमची जागा त्या शुक्रवारवर टांगलेली होती.

बुधवारी सकाळी मॅग्नेटवाले काका आले. कण टिपणाऱ्या यंत्राभोवतीच्या मोठ्या चुंबकातला प्रवाह अधूनमधून उलटवायचा असे, ते काम त्यांचं. महिनाअखेर निवृत्त होत होते. त्यांनी टेबलावर एक जाड वही ठेवली. "रद्दीत घालवत नाही, ताई. तुम्ही चाळा तरी."

तिने मान राखायला चाळली आणि एका पानावर थांबली. प्रवाह उलटवला, दुपारी एक. संगणकातली नोंद मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठची. त्या दिवशी नोंदीचा संगणक बंद पडला होता, सुरू झाल्यावर पुढच्या पाळीने तेव्हाचीच वेळ टाकली, असं काकांनी सांगितलं. त्यात त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं.

प्रवाहाच्या दोन दिशांसाठी मोजमाप दुरुस्त करायचे दोन वेगळे तक्ते होते, आणि कुठला लावायचा ते प्रोग्रॅम संगणकातल्या वेळेवरून ठरवी. म्हणजे एकोणीस तासांच्या टकरींना चुकीचा तक्ता लागला होता. त्यात यंत्रावर एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एकच जात चालवत. चूक दोन्हीकडे सारखी वाटली जाऊन मिटणार नव्हती. एकाच बाजूला बसली होती. कुठल्या, ते तिला कळायला मार्ग नव्हता. नसलेला परिणाम दिसला असता, किंवा असलेला पुसला गेला असता.

तिने गटप्रमुख सरांना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं. चूक जाहीर केली तर सगळा प्रोग्रॅम तिऱ्हाइताकडून पुन्हा तपासावा लागणार, चार महिने गेले. ते म्हणाले, शुक्रवारी उघडू, मग दुरुस्त करून तळटीप देऊ.

"उघडल्यावर आपण हवं तिकडेच दुरुस्त करू, सर."

"तुला करार कळतो ना?"

"कळतो."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तुझं तू ठरव म्हणाले. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात, इस्पितळात क्ष-किरण विभागात. तिची जागा पक्की झाली की तो इकडे बदली घेणार होता. सहा वर्षं हेच चाललेलं. तिने सगळं सांगितलं.

"तुझी केंद्रकं घासून तरी जातात गं," तो म्हणाला. "आपलं तेही नाही."

तिला हसू आलं, मग आलेलं हसूही जड झालं. चूक लिहून कळव, तो म्हणाला, नाहीतर मी तिकडे आलो की वर्षभर मलाच ऐकवशील.

तिने अर्ध्या पानाची टीप लिहिली. चूक कुणाची, हे त्यात नव्हतं. तारीख, तास, तक्ता एवढंच. गटातल्या ऐंशी जणांना पाठवली.

शुक्रवारची बैठक ठरल्या वेळी झाली. सरांनी टीप वाचली, यादी उघडणं पुढे ढकललं आणि कुणाला काही विचारायचंय का, म्हणाले. मागून एकाने विचारलं, बाकीच्या दिवसांच्या वेळा वहीशी ताडून पाहिल्यात का?

नव्हत्या. वहीत दोनशेच्या वर पानं होती आणि काकांचं अक्षर काकांनाच लागत होतं. तिने त्यांना फोन करून सोमवारी सकाळी बसता येईल का, असं विचारलं. नऊला येतो, ते म्हणाले.