लेसचं दुसरं टोक

"अवो, डोळं उघडं ठेवा. आता आपलाच नंबर हाय."

नवसाबाईंनी कोपराने ढोसलं तसे खंडेराव ताठ बसले. लष्करी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर टेकले न टेकले तोच त्यांची मान छातीवर पडली होती. शेजारी बसलेले बारकू हसले. ते तोफखान्यातले, सरहद्दीच्या डोंगरावर एकाच तोफेवर असलेले खंडेरावांचे जोडीदार. आज साक्षीला म्हणून चांदवडहून सकाळच्या एस्टीने आले होते.

"खंडूभाऊ, आत गेल्यावर एकच सांग. नोकरीत डॉक्टरला दाखवलं व्हतं, कागद युनिटनं हरवला. सगळे हेच सांगत्यात."

"दाखवलं व्हतं का?"

"नाय."

"मग?"

"मग काय मग! दाखवलं असतं तर तुला डोंगरावरनं खाली धाडला असता. तोफ हातची गेली असती. म्हणून तर आपण गप बसलो."

"तेवढं सांगीन. हरवल्याचं नाय सांगायचो."

बारकूंनी कपाळावर हात मारला. "वहिनी, ह्यो गडी तोफेपेक्षा जड हाय. तोफ निदान ढकलली तर हलती."

"माझ्याकडं काय बघता भावजी? मलाबी नाय हलला कधी."

खंडेरावांचा श्वास झोपेत थांबत असे. घोरणं जोरात चाललेलं असताना मध्येच सगळं गप्प होई, आणि बऱ्याच वेळाने पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा ते श्वास ओढत. रात्र अशी गेल्यावर दिवसा बसल्या जागी डोळा लागे. शहाण्णव साली पेन्शनीत आल्यावर ते एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. गेटवर खुर्चीत झोपलेले सापडले तेव्हा मॅनेजरने पहिल्या पाळीच्या सगळ्या कामगारांदेखत त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. "फौजी म्हणे! ड्युटीवर झोपतो."

घरी आल्यावर ते आठ दिवस शेवंतीच्या वाफ्यातून बाहेर आले नाहीत. नवसाबाई पंचवटीत फुलं विकायला बसायच्या. तिथेही कुणीतरी हसून विचारलंच, "तुमच्या फौजीची झोप झाली का?" त्या बाईला नवसाबाईंनी पुन्हा कधी फूल विकलं नाही.

आजाराला नाव मिळालं ते बऱ्याच वर्षांनी, मोठ्या दवाखान्यात रात्रभर तारा लावून तपासल्यावर. मग अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला. उत्तर आलं, आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही, वजन कमी करावे. पेन्शन आली असती तर हवीच होती. पण खंडेरावांना ती ओळ टोचत होती. तीत त्यांना मॅनेजरचंच बोलणं ऐकू येई. म्हणून हे अपील होतं.

आत टेबलामागे तीन अधिकारी होते. मधले कर्नल डॉक्टर मराठीच होते. त्यांनी खंडेरावांना खुर्ची दिली.

"तुमच्या पूर्ण नोकरीत या आजाराची एकही तक्रार नाही. का?"

"केली नाय, साहेब. केली असती तर तोफ सोडावी लागली असती."

बारकूंनी मागे उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आजार लपवलात? की तेव्हा नव्हताच? आम्ही काय समजायचं?"

कर्नलसाहेब कागद चाळू लागले. नवसाबाई पुढे झाल्या.

"साहेब, मी बोलू?"

"बाई, तुमची साक्ष इथे—"

"ह्येंच्या झोपेची साक्ष ह्येंच्याकडनं कशी घेता? ह्ये तर झोपलेले असत्यात. डोंगरावरनं पहिल्या रजेला आले तवा पिशवीतनं बुटाची लेस काढली. एक टोक सोताच्या मनगटाला, दुसरं माझ्या हातात. म्हणले, मी गप झालो की वढ. मला वाटलं, फौजेतली काय चेष्टा हाय. तिकडं ही लेस ह्या भावजींच्या हातात असायची. पेन्शनीत आल्याला सोळा-सतरा वर्सं झाली, तवापास्नं माझ्या हातात हाय."

"ठीक आहे. पण हे तुम्ही सांगता. पुरावा काय?"

नवसाबाईंनी कमरेच्या पिशवीतून काळी, गुळगुळीत झालेली लेस काढली. खंडेरावांचा तोवर खुर्चीतच डोळा लागला होता. नवसाबाईंनी सवयीने एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं टेबलावरून कर्नलसाहेबांपुढे सरकवलं.

"धरा. मी भाईर जाते."

"अहो, हे काय—"

"घाबरू नका. मी रोज धरते."

त्या खरोखरच दारापर्यंत गेल्या. शेजारचा मेजर हसला. खंडेराव घोरायला लागले तसा तो आणखी हसला. मग घोरणं थांबलं. पंखा फिरत होता. मेजरचं हसू हळूहळू मावळलं. खंडेरावांची छाती हलत होती, पण नाकातोंडातून वारा नव्हता. ओठ काळपट दिसू लागले. नवसाबाई दारातच पाठमोऱ्या उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. वळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

कर्नलसाहेबांनी लेस ओढली.

खंडेरावांनी घर्रकन श्वास घेतला. डोळे न उघडताच त्यांनी हात किंचित वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ठीक है, बारक्या!"

मागे बारकूंचे पाय आपोआप जुळले.

"हे कुणाला म्हणाले?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"रोज ह्येच म्हणत्यात," नवसाबाई वळून म्हणाल्या. "लेस मी वढते आन् नाव भावजींचं. संसार माझ्यासंगट केला, झोपेत अजून तोफेपाशीच हायेत. आता लिवा, संबंध नाय म्हणून."

कुणी काही लिहिलं नाही. खंडेराव जागे झाले, टेबलापलीकडे साहेबांच्या हातात लेस पाहून गडबडीने उभे राहिले आणि सलाम ठोकला. निर्णय पोस्टाने कळेल, असं सांगण्यात आलं. नवसाबाईंनी खंडेरावांच्या मनगटाची गाठ सोडली. निघताना कर्नलसाहेब लेस पुढे करून म्हणाले, "बाई, ही तुमची लेस."

"राहू द्या. पुरावा काय म्हणत व्हता ना? ती जोडा कागदाला."

बाहेर आल्यावर बारकू म्हणाले, "आन् तरीबी नाय म्हणाले तर?"

"तर वरच्या साहेबाकडं जाऊ. त्याच्यापुढंबी ह्ये झोपतीलच की."

खंडेराव हसले. टोपी गेल्यापासून चारचौघांत ते असे मोकळे हसले नव्हते.

पंचवटीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. बारकू पुढच्या बाकावर बसले. बस हलली आणि खंडेरावांचा डोळा लागला. लेस नव्हती, म्हणून नवसाबाईंनी त्यांचं मनगटच हातात धरलं. घोरणं थांबलं तसा त्यांनी हात ओढला.

"ठीक है, बारक्या."

"सो जा," बारकू मागे न बघताच म्हणाले. "मी हाय."

नवसाबाईंनी मनगट सोडलं नाही.