जरा लांबून दाखवा

सभागृहाची दोन्ही दारं आतून लावून घेतली होती. उघड्या दारातून म्हणे शक्ती गळते. पंखे गरगरत होते, पण वारा कुणालाच लागत नव्हता, आणि तीनशे माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरच्या भल्यामोठ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. मोबाइल दाराशीच काढून घेतलेले. मध्येच उठून जावंसं वाटलंच, तर आधी वीसेक गुडघे ओलांडायचे आणि मग दाराशी उभ्या असलेल्या दोन धिप्पाड सेवकांना कारण सांगायचं. त्यापेक्षा बसलेलं बरं, म्हणून सगळे बसले होते.

पडद्यावर एका बाईच्या पोटाचं आतलं चित्र होतं. रंगीत, उठावदार, अगदी हात घालून चाचपावं असं. चित्राच्या मधोमध मुठीएवढी लाल गाठ. पडद्यापुढे उभे होते आरपार बाबा. हे नाव भक्तांनीच दिलेलं, कारण बाबांना माणसाच्या आरपार दिसतं. बाबांनी डोळे मिटले, हात गाठीसमोरून हळूहळू फिरवला, आणि गाठ विरघळायला लागली. आधी कडा पुसट झाल्या, मग मधला भाग गेला, आणि शेवटी तिथे मागच्या कण्याचे पांढरेशुभ्र मणके तेवढे उरले. सभागृहातून एकच हुंकार उठला. पुढच्या रांगेतली एक आजी चक्क रडायला लागली.

ज्या बाईच्या पोटाचं हे चित्र होतं, ती मंचावर खुर्चीत बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आणि तिची सख्खी धाकटी बहीण पाचव्या रांगेत मधोमध अडकून बसली होती. हिला घरात सगळे धाकटीच म्हणत. एका मोठ्या इस्पितळाच्या स्कॅन विभागात ती अकरा वर्षं तंत्रज्ञ होती. पडद्यावरचं ते चित्र तिनेच काढलं होतं आणि ज्या सीडीतून ते दाखवलं जात होतं ती सीडीही तिनेच भरली होती.

ताईच्या उजव्या मूत्रपिंडात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि आज रविवार होता. सर्जनबाईंनी साफ सांगितलं होतं की गाठ अजून जागच्या जागी आहे, आत्ता काढली तर सुटका होईल, तीन महिने घालवलेत तर मी शब्द देणार नाही. ताईने मान डोलावली, घरी आली आणि अंथरूण धरलं. मग भावोजींना ऑफिसात कुणीतरी आरपार बाबांचं नाव सांगितलं. धाकटीने कपाळाला हात लावला, पण सोबत यायचं ठरवलं. ताईने अट घातली की यायचं तर ये, पण तिथे तोंड उघडायचं नाही. ताई मरणाची घाबरलेली होती. धाकटीने कबूल केलं.

म्हणून ती गप्प होती. पण गाठ विरघळण्याच्या आधी जे झालं होतं, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

बाबांची एक रीत होती. सीडी आदल्या दिवशी जमा करायची. रात्री ती बाबांच्या उशाखाली असते आणि बाबा झोपेत ती वाचतात. बाबांचा यंत्रसेवक, म्हणजे चष्मा लावून मंचाच्या कडेला लॅपटॉपमागे बसलेला एक मुखदुर्बळ गृहस्थ, सकाळी ती फक्त यंत्रात सरकवतो. मग बाबा त्या माणसाला काही न विचारता त्याचं आयुष्य सांगतात. तसं त्यांनी ताईलाही सांगितलं होतं. रक्तदाबाची गोळी चार वर्षांपासून. डाव्या मनगटाचं हाड मोडलेलं. दुसऱ्या बाळंतपणात रक्त चढवावं लागलेलं. प्रत्येक वाक्याला ताईचे डोळे मोठे होत होते आणि भावोजी शेजारच्याला कोपराने ढोसत होते.

"आणि बाळ, लहानपणी तुझ्या पोटावर सुरी फिरली होती," बाबा म्हणाले होते. "अपेंडिक्स काढलं होतं. त्या जखमेच्या वाटेनेच ही गाठ आत शिरली."

ताई क्षणभर गोंधळली होती. मग ती हो म्हणाली.

धाकटीचा हात आपोआप स्वतःच्या पोटाकडे गेला. अपेंडिक्स ताईचं नव्हे, तिचं काढलं होतं, आठवीत असताना. व्रण तिच्या पोटावर होता. ताईच्या पोटावर साधा ओरखडाही नव्हता.

आता हे कसं, ते धाकटीला बसल्याजागी उमगलं. गेल्या वर्षी इस्पितळाने रुग्णांची सगळी माहिती एका जागी जोडायला घेतली होती. रक्ताचे अहवाल एकीकडे, जुनी ऑपरेशनं दुसरीकडे, औषधं तिसरीकडे, असं सगळं एका नंबराखाली आणायचं. जोडून झालेल्या त्या पानाला सगळे गमतीने कुंडली म्हणत. संगणक बहुतेक माणसं आपोआप जुळवायचा, अडलेली नावं हाताने जुळवावी लागायची, आणि ते काम धाकटीच्या गळ्यात पडलं होतं. अडलेल्या यादीत दोन बहिणी होत्या. लग्नाआधीचं आडनाव एक, जुना पत्ता एक, घरचा फोन नंबरही एक. आपल्याच घरचं म्हणून तिने नीट वाचलंसुद्धा नाही, पटापट बटणं दाबली, आणि तिचं अपेंडिक्स ताईच्या कुंडलीत जाऊन बसलं. परक्या माणसाचं असतं तर तिने तीनदा तपासलं असतं. ती कुंडली प्रत्येक सीडीत चित्रांसोबत जायची, कुठल्याही डॉक्टरला उघडता यावी म्हणून. ती आता यंत्रसेवकानेही उघडली होती आणि रात्रीच बाबांना वाचून दाखवली होती.

आणि गाठ? तीही धाकटीच्याच सवयीने विरघळली होती. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांना धीर कसला तो नाही. मला मांस नको, हाडं दाखवा, म्हणून ते रोज ओरडायचे. म्हणून धाकटीने प्रत्येक सीडीत दोन देखावे भरून ठेवायची पद्धत पाडली होती. एक नंबरचं बटण दाबलं की सगळं दिसतं. दोन नंबरचं दाबलं की मऊ ते सगळं हळूहळू पुसत जातं आणि हाडं उरतात. एवढी सोय तिने कौतुकाने करून ठेवली होती, आणि कुणीतरी तिचा देव्हारा मांडला होता.

आता उठावं, तर आपली चूक तीनशे माणसांसमोर कबूल करावी लागणार. इस्पितळात कळलं तर जाब विचारला जाणार. ताईला दिलेला शब्द मोडणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ताईच्या पोटातून गेलेली गाठ आपल्या हाताने परत तिथे ठेवावी लागणार. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ताईच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तिने दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

तेवढ्यात बाबांनी ताईला उभं केलं. आता सर्वांसमोर बोल, म्हणाले, की मी ऑपरेशनला जाणार नाही. बोललं नाही तर गाठ मागच्या पावली परत येते. ताईने हात जोडले, तोंड उघडलं, आणि धाकटी उठून उभी राहिली.

"बाबा, एक विनंती आहे," ती म्हणाली. "हे चित्र फार जवळून दाखवलंय. जरा लांबून दाखवा."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की धाकटीला वाटलं, खाली बसावं. ती बसली नाही. बाबा प्रसन्न हसले. त्या यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, त्यामुळे भीतीही नव्हती. दाखवा, म्हणाले, भक्तांना समाधान होऊ द्या. यंत्रसेवक मात्र पांढराफटक पडला. यंत्र तापलंय, आता हात लावला तर बंद पडेल, असं काहीतरी तो पुटपुटला. पण लोकांनाही बघायचं होतं. दाखवा, दाखवा, असा चहूकडून गलका झाला, आणि बिचाऱ्याला चित्र लहान करावं लागलं.

पडद्यावर एक सापळा उभा राहिला. बरगड्या, कणा, कमरेची हाडं. मध्ये सगळी पोकळी.

"गाठ गेली, हे खरं," धाकटी म्हणाली. "पण यकृत कुठाय? आतडी कुठायत? डावं मूत्रपिंड तर चांगलं होतं, तेही गेलं. बाबांनी एवढं सगळं काढून घेतलं असेल तर माझी बहीण तिथे उभी कशी आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"दोन नंबरचं बटण दाबलंय. ते हाडांच्या डॉक्टरांसाठी मीच करून ठेवलंय. आता एक नंबरचं दाबा."

यंत्रसेवक हलेना. तेव्हा मघाशी रडणारी पुढच्या रांगेतली आजीच उठली, काठी टेकत मंचाशी गेली आणि स्वतःच्या बोटाने तिने एक नंबर दाबला. हळूहळू सगळं परत आलं. यकृत आलं, आतडी आली, दोन्ही मूत्रपिंडं आली. आणि उजव्यात, होती तिथेच, होती तेवढीच, लाल गाठ.

ताई मटकन खुर्चीत बसली.

धाकटीने मग उरलेलंही सांगून टाकलं. अपेंडिक्स माझं काढलंय, ताईचं नाही. माहिती जोडताना माझ्या हातून चूक झाली आणि बाबांनी ती चूक पाठ केली. ज्यांना माणसाच्या आरपार दिसतं त्यांना एक व्रण नाही हे वरून दिसलं नाही. बाबा गरजले की नास्तिकांच्या नजरेने यंत्र बिघडतं. काही लोक उठून दाराकडे निघाले. काही धाकटीवरच चिडले. बरेच जण मात्र तसेच बसून राहिले, कारण त्यांच्याही सीड्या उशाखाली होत्या आणि त्यांना घरी काय घेऊन जावं ते कळत नव्हतं. त्यांना मूर्ख म्हणू नये. घाबरलेल्या माणसाला जवळचंच दिसतं, आणि बाबा नेमकं तेवढंच दाखवतात.

सोमवारी धाकटीने साहेबांना चूक लेखी दिली, कुंडली दुरुस्त केली आणि जोडलेल्या साऱ्या नोंदी परत तपासायला घेतल्या. बोलणी खाल्ली. तीन दिवस ताईने तिचा फोन उचलला नाही. गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर धाकटी उभी होती, ताई येईल की नाही याची खात्री नव्हती. ताई आली. भावोजी मागे पिशवी घेऊन, मान खाली घालून.

"मला माहीत होतं, माझ्या पोटावर व्रण नाही," ताई म्हणाली. "तरी मी हो म्हटलं. मला कापून घ्यायचं नव्हतं गं."

धाकटीने तिचा हात धरला. हात सोडा, असं नर्सला दोनदा सांगावं लागलं.

चार महिन्यांनी ताईचा तपासणीचा स्कॅन झाला. अहवाल स्वच्छ होता. धाकटीने तिला संगणकासमोर बसवलं आणि जिथून मूत्रपिंड काढलं होतं ती रिकामी जागा दाखवली.

"जरा लांबून दाखव," ताई म्हणाली.

धाकटीने चित्र लहान केलं. यकृत, जठर, आतडी, डावं मूत्रपिंड, सगळं आपापल्या जागी होतं. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि एकेका भागावर बोट ठेवून नाव विचारायला सुरुवात केली.