उरलेल्या फितीवरचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आधीच सांगून टाकतो मित्रांनो, माझा स्वभाव जरा तिरसट आहे. मला कुणी 'डबा' म्हटलेलं खपत नाही. डबा रिकामा असला की वाजतो. मी पोटात काही असल्याशिवाय तोंड उघडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो. एकीने माझ्यात मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला. अगदी शेवटी एक तपासनीस बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्यात कॅसेट घातली आणि डोळे मिटले. कॅसेट संपली, माझं बटण आपोआप खट् करून वर आलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

"हे खट् बरोबर झालं पाहिजे," त्या शेजारणीला म्हणाल्या. "फीत संपली, हे याने सांगायचं. आपण ठरवायचं नाही."

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. अक्कल उशिरा येते, यंत्रांनासुद्धा.

दुकानातून मला एका माणसाने आपल्या मोठ्या बहिणीसाठी आणलं. ही ताई जन्मापासून अंध. मोठ्या इस्पितळात ती टेलिफोनवर बसायची. "हॅलो" एवढं ऐकलं की पलीकडच्याला कोणता डॉक्टर हवाय आणि तो किती घाबरलाय, हे तिला कळायचं. आपल्या कानांचा तिला भारी अभिमान होता. मला टेबलावर ठेवल्याबरोबर तिने मला चारही बाजूंनी चाचपलं, वास घेतला, आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण ओळखू यावं म्हणून त्यावर डिंकाने मोहरीचा एक दाणा चिकटवला.

"वन्सं, घरात चौथं माणूस आलं म्हणायचं," वहिनी दारातून म्हणाली. "आणि तेही तुमच्यासारखंच बडबडं!"

"चौथं आलं ते बरं झालं. तिसरं माझं ऐकत नाही," ताई म्हणाली. वहिनी हसत हसत चहा टाकायला गेली.

टपाल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक बोलतं ग्रंथालय होतं. गावातली डोळस माणसं सवडीने घरी पुस्तकं मोठ्याने वाचायची, टेप करायची आणि कॅसेटी तिथे आणून द्यायची. एकेका पुस्तकाच्या आठ-दहा कॅसेटी रबरात बांधलेल्या असत. ताई दर शनिवारी एक गठ्ठा घरी आणायची. मग आम्ही दोघं खिडकीशी बसायचो. मी बोलायचो आणि ती ऐकता ऐकता भाजी निवडायची, इस्त्री करायची, नाहीतर नुसतीच पाय हलवत बसायची. पाय थांबले की समजावं, गोष्ट रंगली.

एकदा अकरा कॅसेटींची एक कादंबरी आली. अशी कंटाळवाणी, की माझाही पट्टा सैल पडायची वेळ आली. शेवटच्या कॅसेटची अर्धी बाजू कोरी राहिली होती. मी खट् केलं आणि ताई तडकली. तिने फीत मागे नेली, मोहरी आणि तिच्या शेजारचं बटण एकदम दाबलं आणि उरलेल्या फितीवर बोलली :

"माझ्यानंतर हे पुस्तक ऐकणाऱ्या माणसा, नायक सातव्या कॅसेटपर्यंत खुर्चीतून उठत नाही. तुलाही पाठदुखी असेल तर जरूर ऐक, सोबत होईल."

ग्रंथपालांना हे कळलं तेव्हा ते आधी रागावले. मग त्यांनी तो आवाज दोनदा ऐकला आणि पोट धरधरून हसले. कॅसेटच्या पाठीला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, मित्रांनो. ते मोडले की त्या कॅसेटवर नवं काही भरता येत नाही. ग्रंथालयात सगळ्या कॅसेटींचे कान मोडून टाकायची रीत होती; त्या कादंबरीच्या शेवटच्या कॅसेटचे तेवढे राहून गेले होते. त्या दिवसापासून ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कॅसेटचे कान मात्र शाबूत ठेवू लागले, खास ताईसाठी.

मग काय विचारता! ताईने एकही पुस्तक सोडलं नाही. भूतकथांच्या शेवटी ती म्हणाली, "यातली माणसं दिवा गेला म्हणून घाबरतात. आपल्याला त्याचं काय! पण चौथ्या गोष्टीत भूत वासावरून येतं. ती मात्र घरात कुणी असतानाच ऐका." एका दर्यावर्दीच्या प्रवासवर्णनाला तिने सांगितलं, "पाय पाण्यात सोडून ऐका, बादली चालेल." एका बड्या माणसाच्या आत्मचरित्राला, "पहिल्या चार कॅसेटी स्वतःची आरती आहे. पाचवीत त्याची आई जाते. तिथून माणूस खरं बोलायला लागतो. पाचवीपासूनच घ्या." कवितांना, "एका बैठकीत दोनच. जास्त घेतल्या तर बाधतात." स्वयंपाकाच्या पुस्तकाला, "कादंबरी म्हणून ऐका, पण जेवून." आणि ताऱ्यांवरच्या एका जाड पुस्तकाला ती हळू आवाजात म्हणाली, "डोळसांना दिसतो तो उजेडही म्हणे हजारो वर्षांपूर्वीचा असतो. म्हणजे तारा आज कसा आहे ते त्यांनाही दिसत नाही. मला फार बरं वाटलं. तुम्हालाही वाटेल."

हळूहळू असं झालं, की सभासद आधी शेवटची कॅसेट लावायचे, ताई काय म्हणते ते ऐकायचे आणि मग पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचे. ताईचा एकच नियम होता. शिफारशीत शेवट फोडायचा नाही. तिचं नाव झालं आणि मी फुशारलो. वहिनी माझ्यावरची धूळ पदराने पुसू लागली, आणखी काय हवं!

आणि मग ती रहस्यकथा आली.

सात कॅसेटी होत्या. खून झालेला, घरात सहा माणसं, बाहेर वादळ. सातव्या कॅसेटमध्ये गुप्तहेराने सगळ्यांना एका खोलीत जमवलं आणि म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे. मी कुणाकडे बघतोय, हे त्याला बरोबर कळलेलं आहे."

आणि शांतता.

ताईचे पाय थांबलेले होते. वाचक मंडळींनी शेवटी 'पुस्तक समाप्त' म्हणावं असा दंडक होता, पण निम्मे विसरायचे. अर्धं मिनिट गेलं. ताईच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं.

"वा रे पठ्ठ्या!" ती म्हणाली आणि तिने मला थांबवलं. मी खट् केलेलं नव्हतं, मित्रांनो. तिनेच थांबवलं. मग मोहरीवर बोट ठेवलं.

ती बोलू लागली. "शेवट असावा तर असा! गुप्तहेर कुणाकडे बघतोय ते डोळस वाचकालाही दिसत नाही. लेखकाने सगळ्यांना आपल्या रांगेत आणून बसवलंय!" पाच मिनिटं ती तोंडभरून बोलली.

माझ्या पोटात एक भाग पुसतो आणि दुसरा लिहितो. पुसता पुसता मला कळलं, की फितीवर आवाज आहे. वाचणाऱ्या बाई मध्येच उठून दार उघडायला गेल्या होत्या आणि परत येऊन त्यांनी शेवटची साडेतीन पानं वाचली होती. तीच मी पुसत होतो. मी जीव तोडून घरघरलो. ताईने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "शहाण्यासारखा वाग!" सगळं साफ झालं. आजही ते आठवलं की माझं चाक अडखळतं.

गंमत अशी, की पुस्तक तुफान चाललं. तीन वर्षं ते कधी कपाटात टेकलं नाही. खुनी कोण यावर सभासदांची भांडणं जुंपायची. दोन मेहुण्यांनी तर यावरून महिनाभर अबोला धरला.

दर महिन्याला सभासदांची बैठक व्हायची. ताई मलाही पिशवीत घालून न्यायची. अशाच एका बैठकीला एक नवे सभासद आले. धंद्याने घड्याळजी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि साठीत डोळे गेले. खुनी कोण यावर वाद रंगला होता. घड्याळजी आधी बुचकळ्यात पडले आणि मग मोठ्याने हसले.

"अहो, भांडता काय? पुढे साडेतीन पानं आहेत! मी डोळे असताना दोनदा वाचलंय. गुप्तहेर चक्क नाव घेतो."

भांडणारे सगळे ताईकडे वळले. घड्याळजींना बिचाऱ्यांना काही कळेना. ताईला मात्र सगळं एका क्षणात कळलं. तिने कॅसेट मागितली, माझ्यात घातली, आणि तिचा स्वतःचा आवाज सुरू होतो तिथे येऊन थांबली. शब्द संपल्यावरच्या त्या शांततेत, अगदी दूर, दाराची कडी वाजलेली ऐकू येत होती. चपलांचा आवाज होता. ती फीत तिने तीनदा मागे नेऊन ऐकली.

छापील प्रत त्या वाचणाऱ्या बाईंची होती आणि त्या गाव सोडून गेल्या होत्या. पुस्तक बाजारातही मिळेनासं झालं होतं. शेवट जसाच्या तसा परत आणायला काही मार्ग नव्हता.

"ग्रंथपालसाहेब," ताई म्हणाली, "सगळ्या कॅसेटींचे कान मोडून टाका."

"अहो ताई, एका चुकीसाठी..."

"मोडा म्हणते ना!"

ग्रंथपालांनी पुढच्या आठवड्यात जड हाताने कान मोडले. ताईने मला कपाटावर, जुन्या चादरींच्या मागे ठेवलं. तिने पुस्तकं आणणंच सोडलं. इस्पितळातून यायची, जेवायची, खिडकीशी नुसती बसायची. वहिनी एकदा म्हणाली, "वन्सं, घर कसं खायला उठतं हो." ताईने खिडकी लावून घेतली. असे आठ महिने गेले. माझा रबरी पट्टा वाळला आणि तुटला. मला वाटलं, आता भंगारवाला.

एके दिवशी दुपारी वहिनीने दार उघडलं, तर घड्याळजी! हातात पांढरी काठी आणि खांद्याला झोळी.

"मी माफी मागायला आलो नाही," ते बसता बसता म्हणाले. "मी खरं तेच बोललो होतो. मी भांडायला आलोय."

"भांडा," ताई म्हणाली.

"चाळीस वर्षं मी पुस्तकं कशी घेतली? उचलायचं, चार पानं मधूनच चाळायची, आवडलं तर घ्यायचं. डोळे गेले आणि ते चाळणं गेलं. दहा कॅसेटींचा गठ्ठा कुठून चाळू? मग तुमची शेवटची कॅसेट मिळाली. ताई, तुमची ती पाच मिनिटं म्हणजे आमचं चाळणं होतं हो. आठ महिने झाले, नव्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही. मीही नाही. घरी बसून भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोजतो."

"माझ्या कानांनी मला फसवलं," ताई म्हणाली. "कानांशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"कडी वाजलेली नंतर ऐकू आली ना?"

"आली."

"मग कान शाबूत आहेत. त्या वेळी काय करत होतात?"

ताईने आठवून पाहिलं. मग म्हणाली, "काय बोलायचं ते जुळवत होते. पुस्तक संपायच्या आधीच मला बोलायची घाई झाली होती."

"हं. म्हणजे रोग कानाला नाही, जिभेला आहे. त्याला औषध आहे. तो टेपरेकॉर्डर कुठाय?"

"त्याचा पट्टा तुटलाय. आतली चाकं फिरत नाहीत," वहिनीने मला खाली काढत सांगितलं.

घड्याळजींनी मला मांडीवर घेतलं आणि त्यांची बोटं थबकली. डोळे गेल्यापासून त्यांनी एकही यंत्र उघडलं नव्हतं. वहिनीने पेचकस दिला. त्यांनी स्क्रू एकेक करून ताईच्या ओंजळीत ठेवले. पहिला स्क्रू सापडायला वेळ लागला. चाकांपर्यंत पोचले तोवर बोटांना जुनी ओळख पटली होती. वहिनी बाजारातून नवा पट्टा घेऊन आली. तासाभराने मी फिरू लागलो. घड्याळजींनी मला कानाशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, "चालतंय. अहो, चालतंय!"

मग त्यांनी झोळीतून ती सातवी कॅसेट काढली. ग्रंथपालांनी तिच्या मोडलेल्या कानांवर चिकटपट्टी लावून पाठवली होती. चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं. मोहरीचा दाणा कधीच गळून पडला होता. वहिनीने डब्यातून नवा आणला.

ताईने आपली ती जुनी स्तुती पुसली नाही. तिच्या पुढच्या फितीवर ती बोलली :

"मित्रहो, आत्ता ऐकलंत ती माझी चूक. या पुस्तकाला शेवट आहे आणि तो मी पुसला, कारण मला बोलायची घाई होती. आता घड्याळजी तो आठवून सांगतील. तो माझ्या कौतुकापेक्षा चांगला आहे की वाईट, ते तुम्ही ठरवा."

घड्याळजींनी शेवट सांगितला. खुनी कोण ते मी तुम्हाला सांगणार नाही. ताईचा नियम आहे.

त्यांचं सांगून झालं. खोली शांत होती. वहिनीने बटणाकडे हात नेला, तर ताईने तो धरला. तिघंही तशीच बसून राहिली. फीत फिरत राहिली, फिरत राहिली, आणि मग मी खट् केलं. "आता संपलं," ताई म्हणाली. शनिवारी ती नव्या पुस्तकाचा गठ्ठा घेऊन आली.

त्याला आता फार वर्षं झाली, मित्रांनो. कॅसेटी गेल्या. ताईच्या सगळ्या शिफारशी कुणीतरी संगणकात भरून ठेवल्या आहेत आणि लोक त्या अजून ऐकतात. मी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात असतो. लाल बटणावर मोहरी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी गप्प पडलेलं असेल, यंत्र असो वा माणूस, तर त्याची धूळ पुसा, जवळ बसा, जरा वाट बघा. भंगारात टाकायची घाई करू नका. माझंच बघा ना. कपाटावर आठ महिने मी गप्प होतो आणि सगळ्यांना वाटलं, हा संपला.

मी खट् कुठे केलं होतं?