डॅरलचं म्हातारपण

इंग्रजी शिकवायला कॅनडाहून आलेला डॅरल करार अर्धवट टाकून मायदेशी गेला, तेही निरोपाचं जेवण न देता! मोक्पोच्या आमच्या शाळेत असा चिंगूस आजवर झाला नव्हता. तरी पेन्शनसाठी कापलेले त्याचे पैसे परत मिळावेत म्हणून ऑफिसात खेटे मीच घातले.

महिन्याभराने स्टाफरूममध्ये तळलेल्या कोंबडीचे डबे येऊन थडकले, मुळ्याच्या लोणच्यासकट. मागोमाग त्याचा फोन.

"बोक्सिलबाई, पेन्शनचे पैसे आले! खा!"

"अरे मेल्या, ते म्हातारपणासाठी असतात!"

"मग माझं म्हातारपण खा!"

आम्ही तुटून पडलो. पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे प्यो सर बोटं चाटत म्हणाले, "म्हातारपण इतकं कुरकुरीत असतं होय? मी उगाच घाबरत होतो."