मागे कोणी नाही

राष्ट्रीय उद्यानातल्या मोठ्या धबधब्यासमोर लोखंडी कठडा होता, आणि त्या कठड्याला पाठ टेकून आपले शिट्टीबुवा एकोणीस वर्षं उभे होते. दर पाच मिनिटांनी शिट्टी फुंकायची आणि ओरडायचं, "चला, चला, मागचे थांबलेत!" हीच त्यांची नोकरी. सुरुवातीला शिट्टी दिवसातून चारदा वाजे. आता मुंगीला शिरायला वाव नव्हता. लोक धबधब्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत आणि वेळ संपली की बुवांच्या नावाने बोटं मोडत.

बुवांच्या बायकोने मात्र तो धबधबा पाहिलाच नव्हता. गर्दी ओसरली की जाऊ, असं दोघं दरवर्षी म्हणत. गर्दी कसली ओसरते! मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "नस सुकत चालली आहे. फार तर वर्षभर दिसेल." बायकोने ऐकून घेतलं आणि घरी येताना एवढंच म्हणाली, "मला एकदा पोटभर रान बघायचंय. तुमच्या पाच मिनिटांचं नको."

बुवांनी रजा टाकली आणि तिला दोन तासांवरच्या दुसऱ्या उद्यानात नेलं. तिथे तळं होतं, झाडी होती, पण नाव घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी जात नसे. बुवांचे साहेबसुद्धा त्याला 'उरलंसुरलं रान' म्हणत. फाटकावरच्या बाईला माणसं बघून इतका आनंद झाला, की ती वाट दाखवायला स्वतः चार पावलं आली. "हवं तेवढं थांबा," ती म्हणाली, "फक्त सहाला मी फाटक लावते."

तळ्याकाठी बाक होता. बायको बसली. बुवा सवयीने तळ्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून निघालंच, "चला, चला, मागचे थांबलेत."

बायकोने मान वळवून पाहिलं. मागे चिटपाखरू नव्हतं. "कोण थांबलंय हो?"

बुवा ओशाळले. जित्याची खोड, दुसरं काय!

"बरं, मला सांगा, तुमचा तो धबधबा दिसतो कसा?"

बुवा आठवू लागले. एकोणीस वर्षांत त्यांनी टोप्या पाहिल्या, पिशव्या पाहिल्या, रडकी पोरं आणि भांडणारी जोडपी पाहिली. धबधबा फक्त त्यांच्या पाठीला ठाऊक होता, सदऱ्याला येणाऱ्या ओलीमुळे. "पाणी... वरून खाली पडतं," ते म्हणाले.

"अगंबाई! मला वाटलं, खालून वर जातं." बायको खूप हसली, आणि मग त्यांच्याकडे वळली. "अहो, पुढच्या वर्षी मी तुम्हालाच विचारणार आहे, हे तळं कसं होतं म्हणून. तेव्हाही असंच सांगणार?"

डॉक्टरीणबाईंसमोर बुवांना रडू आलं नव्हतं, ते आता आलं. रजेच्या दिवशीही गळ्यात असलेली शिट्टी त्यांनी काढून खिशात टाकली, तळ्याकडे तोंड केलं आणि बायकोशेजारी बसले.

"पाणी हिरवं आहे."

"सगळं?"

"नाही. काठाशी हिरवं, मध्ये काळं. पलीकडे झाड आडवं पडलंय. त्यावर करडा पक्षी बसलाय."

"त्याचे पाय?"

बुवांनी डोळे बारीक केले. "पिवळे."

बायकोने स्वतः निरखून पाहिलं. "बरोबर." चुकलं तर ती पुन्हा बघायला लावी, आणि बुवा मुकाट्याने पुन्हा बघत.

असं करता करता ऊन उतरलं. बायकोने पिशवी उचलली. "चला आता, फाटकावरची बाई थांबली असेल."

"थांबू दे," बुवा पलीकडच्या काठावरून नजर न काढता म्हणाले. "डावीकडचं अजून राहिलंय."