जावईबापूंनी ऐकलेली शिट्टी

"हे यंत्र आधी भंगारात घाला," हेल्मेट काखेत मारून आत येत कानसेन म्हणाला. "शिट्टी म्हणे! कुठली शिट्टी? आत्ता भरधाव चालवून आलो. आत सुट्टीतल्या शाळेसारखं शांत आहे."

इंजिनीअर मुलीने पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. रेष बराच वेळ सपाट जात होती आणि एका ठिकाणी सुईसारखी वर उठली होती.

"काका, हे टोक बघा ना. इथे काहीतरी बारीक वाजतंय. मान थोडी डावीकडे वळली की लगेच."

"कोण म्हणतं?"

"हा म्हणतो."

हा म्हणजे टेबलावरचं रबरी डोकं. त्याच्या दोन्ही कानांत मायक्रोफोन बसवलेले होते. समोर मोठा पंखा लावायचा, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि आत किती आवाज येतो ते मोजायचं, अशी ती सोय होती. डोक्याला स्वतंत्र टेबल होतं, एसीची खोली होती आणि काम झालं की धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर मऊ कापड घालत असत. स्वतः कशाला हात लावायचा नाही आणि बडदास्त मात्र सगळ्यांनी ठेवायची, म्हणून त्याला जावईबापू म्हणत. हे नावही कानसेननेच ठेवलेलं.

"जावईबापू कधी मोटारसायकलवर बसलेत का? मान वळवतात कशी ते?"

"आम्ही वळवतो, काका. हाताने."

"म्हणजे मान तुमची, कान त्यांचे आणि अक्कल कोणाचीच नाही."

दारात उभा असलेला रंगारी फिदीफिदी हसला. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "तुम्ही पुन्हा एकदा चालवून बघाल का?"

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी वारा ऐकतोय," कानसेन म्हणाला. त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूवर एक बरोबरची खूण केली.

हेल्मेटच्या त्या कारखान्यात या खुणेला फार मान होता. नवा नमुना तयार झाला की कानसेन तो घालून कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर मोटारसायकल पळवायचा, परत यायचा आणि खडू काढायचा किंवा काढायचा नाही. खडू निघाला तरच पुढचं काम सुरू होई. हनुवटीपाशी फट आहे, अस्तर कानाशी सैल आहे, काचेची कड वाऱ्यात थरथरते, हे तो नुसतं ऐकून सांगत असे आणि ते खरं निघत असे. म्हणून तो कानसेन. नावाची त्याला सवय झाली होती आणि मग सवयीपेक्षा थोडं जास्तच काहीतरी झालं होतं.

त्यानंतर जगात तुच्छ वाटण्यासारखं पुष्कळ काही आहे, असं त्याला दिसू लागलं. हेल्मेटचा रंग बघून हेल्मेट घेणारी गिऱ्हाइकं त्याच्या लेखी भोपळे होती. आत काही नाही म्हणून बाहेरून सजवायचं. विक्रीवाले म्हणजे तोंड चालतं म्हणून पगार मिळणारे. लांबच्या प्रवासाला कानात बोळे घालून जाणाऱ्यांना तो म्हणे, "डोळ्यांवरही पट्टी बांधा, म्हणजे खड्डेही दिसायचे नाहीत." वर्षानुवर्षं वाऱ्याचा घोंघाट ऐकला की कान झिजतात, असं त्या इंजिनीअर मुलीने एकदा सांगून पाहिलं होतं. तिने त्यालाही बोळे देऊ केले होते. कानसेनने ते रंगाऱ्याला बक्षीस दिले.

अलीकडे त्याच्या तुच्छतेत आणखी एका वर्गाची भर पडली होती. "हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात," तो घरी म्हणायचा. "शाळेत खणखणीत वाचायला लावायचे, ते बंद झालं. सगळे पुटपुटतात." मोरीतला नळ तो सुरू ठेवून यायचा, तो बायको उठून बंद करायची.

नव्या नमुन्यात खरी अडचण वाफेची होती. थंडीत खिडकीच्या काचेवर तोंडाने 'हा' केला की काच पांढरी होते. हेल्मेटच्या आत हेच चालतं. तोंडातली हवा गरम आणि ओलसर, समोरची काच गार. श्वास काचेला लागला की त्यातलं पाणी तिथेच बसतं आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. उपाय सोपा वाटतो: कपाळावर एक झरोका ठेवायचा, म्हणजे बाहेरची कोरडी हवा काचेवरून वाहत राहील आणि वाफ बसणार नाही. पण वाऱ्याला आत घेतलं की तो गुपचूप येत नाही. बासरीच्या भोकात फुंकलं तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. झरोका बंद ठेवा, आंधळे व्हा. उघडा, बहिरे व्हा. मुलीने पुष्कळ खटपट करून झरोक्याला असा आकार दिला होता की वाफही जावी आणि वाराही गप्प राहावा. तो जवळजवळ गप्प राहिला होता. राहिलं होतं ते एवढं सुईएवढं टोक.

"कानसेननी खूण केली ना? मग झालं," साहेब म्हणाले. कारखान्याचे हे साहेब दुचाकीवर कधी बसत नसत, केस विसकटतात. "येत्या आठवड्यात साचा कापायला घेऊ. आणि बाई, तुमच्या त्या डोक्याला जरा डोकं थंड ठेवायला सांगा."

साचा एकदा कापला की कापला. मग त्यातून निघणारं प्रत्येक हेल्मेट तसंच निघणार.

सुट्टीच्या दिवशी कानसेन बायकोला घेऊन मेहुण्याकडे निघाला. स्वतः जुनं हेल्मेट घातलं आणि खडूची खूण केलेलं नवं तिच्या डोक्यावर चढवलं. "घाल. बाजारात यायच्या आधी राणीसरकारांना," तो म्हणाला.

गाव मागे पडून मोकळा रस्ता लागल्यावर तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने लक्ष दिलं नाही. तिने दोनदा मारली. त्याने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"अहो, या वयात शिट्ट्या कसल्या मारताय?"

"मी?"

"मग कोण? मघापासून चाललंय. मला वाटलं स्वारी खुशीत आहे."

कानसेनने तिच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतः घातलं, तिला तिथेच झाडाखाली उभी केली आणि एकटाच गाडी पळवून आला. वाऱ्याची खालच्या सुरातली घूं त्याला ऐकू येत होती. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पुन्हा डावीकडे केली. घूं तेवढीच.

"काही नाही," तो परत येऊन म्हणाला. "तुझ्या कानात वारं गेलंय."

"बरं. माझ्याच कानात गेलंय."

ती ज्या सुरात हे म्हणाली, तो त्याला खटकला. मग हेल्मेट पुन्हा तिच्या हातात देत म्हणाला, "बस. मी चालवतो. शिट्टी वाजली की माझ्या पाठीवर बोट ठेव. थांबली की उचल. आणि मान हळूहळू फिरव, दोन्हीकडे."

गाडीने वेग घेतला. पाठीवर काही नव्हतं. मग बोट टेकलं. उचललं गेलं. पुन्हा टेकलं. आरशात त्याला तिचं हेल्मेट दिसत होतं. ते डावीकडे वळलं की बोट टेकायचं, सरळ झालं की उठायचं. एकदाही चुकलं नाही. जावईबापूंच्या मानेइतकंच ते नेमकं होतं.

त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. पुटपुटणारी सगळी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून गेली: दुकानदार, रंगारी, बँकेतली बाई, फोनवरची मुलगी. ती सगळी नीटच बोलत होती.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नळ रोज कोण बंद करतं?"

"मग बोलायचं ना."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, पुटपुटू नकोस."

तिला हसू येत होतं. त्याचा चेहरा बघून तिने ते आवरलं. हेल्मेट मांडीवर घेऊन ती म्हणाली, "हे बघा, चारचौघांत हसं करून घ्यायचं काही कारण नाही. उद्या जा आणि म्हणा, परत चालवून पाहिलं, आली ऐकू. शिट्टी खरी आहे की नाही? मग खोटं कुठे बोललात?"

"हं," कानसेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला तेव्हा तिथे साच्याचीच चर्चा चालली होती. नवं हेल्मेट त्याने टेबलावर ठेवलं.

"याला शिट्टी आहे," तो म्हणाला.

साहेबांनी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "परवा नव्हती. आज कुठून उगवली?"

"परवाही होती."

"तुम्ही खूण केलीत!"

"पुन्हा चालवून पाहिलं." इथपर्यंत सगळं बायकोने सांगितल्याप्रमाणे चाललं होतं.

मुलगी खुर्चीच्या टोकावर आली. ती खरोखरच आनंदली होती. आपलं खरं ठरलं म्हणून नव्हे, बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून. "कशी वाजते, काका? सलग वाजते की तुटक? पडद्यावर एवढं नीट कळत नाही. सलग असेल तर झरोक्याची कड घासायला हवी. तुटक असेल तर आतली झडप हलतेय. सांगा ना. तुम्ही सांगाल तिथे आजच हात घालते."

सलग की तुटक. दोन्हींपैकी एक सांगून टाकलं असतं तर निम्म्या वेळा बरोबर आलं असतं. ती मात्र तो सांगेल तिथे कानस चालवणार होती.

"मला माहीत नाही," कानसेन म्हणाला. "मला ऐकू नाही आली. बायकोला आली."

साहेबांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते पोट धरून हसले नाहीत. ते नाकातून हसले. ते जास्त लागतं.

"वा! म्हणजे आता आमची हेल्मेटं तुमच्या घरी पास होणार. उद्या मेहुणीला विचारा, रंग आवडला का."

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कधीपासून, तेही सांगता येत नाही." त्याने हेल्मेट उलटं केलं आणि अंगठ्याने खडूची खूण पुसली. अंगठा पांढरा झाला, हेल्मेटवर थोडा डाग राहिलाच.

"कधीपासून ते सांगता येत नाही," साहेबांनी एकेक शब्द सुटा करत म्हटलं. "आणि मागचे नमुने कुणी पास केले?"

"मीच."

मग मुलीने हळूच विचारलं, "काकूंना फोन लावता का?"

कानसेनने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. हल्ली त्याला तसाच ऐकू येई. पलीकडून फोन उचलला गेला आणि त्याने काही म्हणायच्या आधीच बायकोचा आवाज खोलीभर झाला.

"काय हो, सांगितलंत ना, तुम्हाला स्वतःला ऐकू आली म्हणून? त्या टोपणरावांना पटलं का?"

साहेबांचा हात टकलावर ओढून आणलेल्या केसांकडे गेला. मुलगी खाली वाकून बुटाची नाडी शोधू लागली. तिच्या पायात चपला होत्या.

"खरं ते सांगितलं," कानसेन म्हणाला. "आता तू सांग. शिट्टी सलग होती की तुटक?"

पलीकडून बायको वेगळ्याच, नीट आवाजात म्हणाली, "सलग. अगदी बारीक. सायकलच्या चाकातून हवा जाते ना, तशी. मध्ये तुटत नव्हती."

"कड," मुलगी म्हणाली, आणि हेल्मेट उचलून निघालीसुद्धा.

साचा पुढे ढकलला गेला. कड घासली, जावईबापूंच्या रेषेतलं टोक खाली बसलं. कानसेनला कुणी काढून टाकलं नाही. साहेबांनी त्याला बोलावून एवढंच सांगितलं, "गाडीवर आता नको. वाफेच्या खोलीत बसत जा. तिथे कान लागत नाहीत. खरं म्हणजे काहीच लागत नाही. श्वास चालू असला की पुरे."

वाफेची खोली लहान होती आणि बर्फासारखी गार ठेवलेली. आत एक स्टूल. समोरच्या भिंतीवर अक्षरांच्या ओळी, वर मोठी आणि खाली लहान होत गेलेली. हेल्मेट घालून काच खाली ओढायची, स्टुलावर बसायचं आणि श्वास घेत राहायचं. काचेवर वाफ चढून खालची ओळ दिसेनाशी झाली की हात वर करायचा. हात जितका उशिरा वर होईल तितकं हेल्मेट चांगलं. रंगाऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "काय कानसेन, आता श्वाससेन का?" कानसेनला ते ऐकू आलं नाही, पण रंगाऱ्याचं तोंड कसं हललं ते त्याने पाहिलं.

कडक थंडीचे दिवस सुरू झाले तेव्हा झरोका सुधारलेला नमुना त्याच्याकडे आला. खोलीच्या खिडकीपलीकडे मुलगी घड्याळ हातात धरून उभी होती. तिच्या मागे साहेबही येऊन उभे राहिले. त्यांना हा नमुना लवकर हवा होता.

कानसेनने काच खाली घेतली आणि श्वास सोडला. आत काही आवाज नव्हता. निदान त्याला तरी नव्हता. वाफ आधी हनुवटीपाशी आली, मागे सरली, पुन्हा आली. बराच वेळ झरोका तिला हटवत राहिला. हेल्मेट चांगलं होतं. मग वाफेचा पातळ पडदा वर चढू लागला. भिंतीवरची शेवटची ओळ राखाडी झाली, मग पुसट.

ती ओळ त्याला कधीच तोंडपाठ झाली होती. डोळे मिटूनही म्हणता आली असती.

काचेच्या उरलेल्या स्वच्छ पट्टीतून त्याला साहेब दिसले. अजून थोडं थांबा, अशी ते बोटांनी खूण करत होते.

ओळीतलं शेवटचं अक्षर दिसत नव्हतं. कानसेनने हात वर केला, आणि मुलीने घड्याळाकडे बघून मान हलवेपर्यंत तसाच धरून ठेवला.