हळू जाजो रे पोरा
राकेशचं लग्न जमत नव्हतं, कारण तो व्हिडिओ गेम बनवतो. आमच्या नालवाडीत याला कोणी धंदा म्हणत नाही. नकारावर नकार आले, तेव्हा अल्लीपूरच्या बापूरावांनी त्यांची मुलगी पौर्णिमा दाखवायला निदान घरी बोलावलं तरी. मी त्याची मोठी बहीण. आईला आणि त्याला घेऊन मीच गेले.

पोहे झाले. अशा वेळी प्रश्न मुलीला विचारतात, पण बापूरावांनी उलटंच मांडलं. "नोकरी नाई म्हनता, मंग पोराचा माल तं पाहाले पायजे. पौर्णिमाले त्याचा गेम घ्याले लावला, दोनशे रुपयाचा. सांग वं पोरी, पैसे वसूल हायेत का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राकेश मात्र सरसावून बसला. कोणीतरी त्याचा गेम खेळलं होतं, यातच बिचारा खूश.

"नाई," पौर्णिमा म्हणाली. मान खाली वगैरे काही घातली नाही तिनं. "सायकल मस्त चालते, नदीकाठ बी चांगला हाये. पन ते बुढी! हरेक वळनावर मांगून ओरडते, 'हळू जाजो रे पोरा, हळू जाजो.' डोकं उठते. मी तं पैसे वापस घेतले."

बापूराव खदाखदा हसले. मग घरातले सगळेच हसले.

ती बुढी म्हणजे आमची आई. राकेशनं स्वयंपाकघरातला पंखा बंद करून तिचा आवाज भरून घेतला होता. गेम निघाला तेव्हा तिनं गल्लीभर सांगितलं होतं, "मी हावो त्याच्यात." आता ती माझ्या शेजारी बसून हे ऐकत होती. परक्या घरी तिला संकोच वाटतो. आल्यापासून हात जोडण्यापलीकडे ती काही बोलली नव्हती.

"कोन हाये ते बुढी?" पौर्णिमानं विचारलं.

मी राकेशकडे पाहिलं. बोल की मेल्या, मनात म्हटलं.

"गल्लीतली हाये एक," तो म्हणाला. "फुकटात भेटली म्हनून घेतली. काढून टाकतो."

"मंग होतीन वसूल," पौर्णिमा म्हणाली आणि त्याच्याकडे पाहून पहिल्यांदाच हसली. तोही हसला.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. मी बोलणारच होते, पण आईनं माझा हात घट्ट दाबून धरला.

बापूरावांनी आतून पेढे मागवले. "आमची पसंती हाये. बाई, तुमी काईच नाई बोलल्या? पोरगी पसंत हाये ना?"

आईनं तोंड उघडलं. राकेश डोळ्यांनीच तिला नको म्हणाला. एक शब्द निघाला असता तरी पौर्णिमानं आवाज ओळखला असता. आईनं तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली.

"नशीब काढलं पोरीनं," बापूराव बायकोला म्हणाले. "सासूले तोंडच नाई."